दर्शना दुसऱ्यांदा नॉकआउट झाली तेव्हा

गेल्या थंडीतली गोष्ट. पालघरच्या एका हॉलमध्ये मी मोबाइल धरून दर्शनाची फाइट शूट करत होते... घंटा वाजली, मी जरा झूम करतेय तोवर दर्शना मॅटवर आडवी! डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. त्या व्हिडिओत पुढे नुसतं हॉलचं छत दिसतं आणि माझं "अगं आई गं, अगं आई गं" ऐकू येतं.

मी मूळची सांगलीकडची, एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, राहते सरावलीला. वजन कमी करायचं म्हणून बोईसरच्या जिममध्ये नाव घातलं (वजन अजून माझ्यासोबतच आहे...) आणि तिथे दर्शना भेटली. किनाऱ्यावरच्या मासेमारीवाल्या घरातली पोरगी, मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळते. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं एकाच सामन्यात!

हा तिचा लागोपाठ दुसरा नॉकआउट होता. दोन्ही वेळा उजव्या हाताचा ठोसा, दोन्ही वेळा थेट हनुवटीवर. डॉक्टरांनी बजावलं की आता काही महिने डोक्याला साधा टोलाही लागता कामा नये, आणि तिच्या आईने सांगितलं की बास, संपलं, हे थेर बंद. खरं सांगू? मी मनातून काकूंच्याच बाजूने होते. मला वाटलं, संपलं पोरीचं करिअर.

दर्शनाने मात्र रडारड नाही, चिडचिड नाही... चार दिवसांनी फोन करून म्हणाली, "ताई, तो व्हिडिओ पाठव ना." मी हादरलेच. स्वतःला बेशुद्ध पडताना बघायचं धाडस कुठून आणतात ही माणसं?

दीडेक महिन्याने तिला भेटायला तिच्या गावी गेले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, ऊन मी म्हणत होतं, आणि समोरून दर्शना डोक्यावर माशांची पाटी घेऊन येत होती. पाठ ताठ, मान सरळ, हनुवटी वर, नजर लांब... मी जागीच थबकले. पालघरच्या मॅटवर ती अगदी अशीच उभी होती.

जिममधले आमचे सर वर्षभर तिच्या कानीकपाळी ओरडत होते, "चिन नीचे रख, बेटा, चिन नीचे!" ती थोडा वेळ हनुवटी दाबून धरायची आणि दमली की पुन्हा वर. सरांना वाटायचं आळस, मला वाटायचं ॲटिट्यूड. आणि निघाली काय, तर लहानपणापासून डोक्यावर घेतलेली पाटी!

मी तिथेच फोन काढला आणि ठोसा बसायच्या आधी व्हिडिओ थांबवून मायलेकींना दाखवला. काकूंनी फोनकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली.

"मीच शिकवलंय तिला," काकू म्हणाल्या. "मान वाकली तं पाटी पडते... मंग पोर माझ्यामुळं मार खाते हाय काय?" त्यांचा चेहरा इतका उतरला की मला आपण उगाच आलो असं वाटायला लागलं.

ती पाटी काकूंनी उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "आजपास्नं पाटी मी उचलीन. तू खेळ... पण मी समोर बसणार. हनुवटी वर दिसली का तिथून उठवून घरी आणीन."

ठोसे बंद असल्यामुळे सरांनी तिला हळूहळू फक्त जमिनीवरच्या कुस्तीला लावलं. आधी ती हे टाळायची, सगळी हौस ठोशांची! आणि इथे दुसरा धक्का... पाटीने घडलेल्या त्या मानेमुळे जिममध्ये कोणाला पकडीत तिचा गळा आवळताच येईना. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मग हनुवटीखाली टेनिसचा बॉल दाबून ठोशांचा सराव सुरू झाला.

परवा बोईसरला तिची फाइट झाली, नवीन मुलीशी. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून. मला वाटलं, डबा असेल. थोड्याच वेळात तोच उजव्या हाताचा ठोसा आला, मी डोळे मिटले... उघडले तर दर्शना उभी! हनुवटी खाली होती, ठोसा कपाळावर गेला होता. पुढच्याच क्षणी तिने त्या मुलीला खाली घेतलं, गळ्याला पकड घातली आणि त्या मुलीने मॅटवर हात आपटून हार मानली. सरांनी तिथल्या तिथे सांगितलं की मुंबईच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिचं नाव पाठवतोय.

आम्ही नाचत होतो आणि माझं लक्ष गेलं तर काकू जागेवर नाहीत. पालघरला जिने दर्शनाला पाडलं होतं ती व्हिडिओतली मुलगीही तिच्या जिमसोबत आली होती, आणि काकू तरातरा तिच्याकडेच निघालेल्या! मी पळत सुटले... आता इथे खरी मारामारी होणार.

काकूंनी ती पिशवी तिच्या हातात कोंबली. आत सुके बोंबील, ती येणार हे कळल्यापासून खास तिच्यासाठी बांधून ठेवलेले. "घे गो बाय," त्या म्हणाल्या. "तू पाडलंस तवा आमाला हनुवटीचं समजलं."

ती मुलगी पिशवी पोटाशी धरून ढसाढसा रडायला लागली. पालघरला दर्शना शुद्धीवर येऊन स्वतःच्या पायांनी गाडीत बसेपर्यंत ती घाबरून हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर एकटीच बसून होती म्हणे... आमच्यापैकी कोणालाच याचा पत्ता नव्हता.

डोक्याला मार बसणं चांगलं असतं, असं मी मुळीच म्हणत नाही, तो छतवाला व्हिडिओ मला आजही बघवत नाही. पण लेकीला पाडणाऱ्या पोरीचे डोळे पदराने पुसणारी आई मी परवा पाहिली... आणि खरं सांगते, अजून सावरलेले नाही.