उकिरड्यावरचं नाव

जळगाव स्टेशनवर मला सोडायला माझी मुलगी मैना धरणगावहून आली होती. हातात गाठोडं, त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या आणि ठेचा. मी निघालो होतो मुलाकडे, साहेबाच्या देशात. मुलगा तिकडे डॉक्टर. सुनेला दिवस गेलेले. गाडी हलली तेव्हा मैना खिडकीचा गज धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "आबा, पोऱ्या होवो का पोर, नाव मीच ठेवसू. भाऊले सांगी देजो."

एवढंच. रडली वगैरे नाही. माझी मुलगी आहे ती.

आत्याने नाव ठेवायचं, ही काही मेहेरबानी नाही. तो तिचा हक्क आहे. मी हो म्हणालो, आणि माझं हो म्हणजे हो. ते मुंबईपर्यंत माझ्यासोबत आलं, विमानात आलं, आणि इकडे मुलाच्या घरात माझ्याआधी येऊन बसलं.

तुम्ही गावातले लोक पत्रात विचारता, तिकडे काय पाहिलं. काय सांगू. पाऊस पाहिला, तोही धड पडत नाही. भाजी पाहिली, तिला वास नाही. केळी पाहिली, रावेरच्या गड्याने बैलाला घातली नसती अशी. पण माणसं काय ऐटीत चालतात. आम्ही चौथी शिकलेले, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचललेले. आम्हाला वाटायचं, यांच्यात काहीतरी असेल.

मुलाने पहिल्याच दिवशी मला बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आबा, इथे कोणी नाव विचारलं तर नुसतं आबा सांगा. पूर्ण नाव सांगायची गरज नाही."

माझं पूर्ण नाव उखर्डू. धुळ्याला पासपोर्टचा फॉर्म भरणारा एजंटही पेन थांबवून म्हणाला होता, बाबा, चांगलं काही लिहू का? मी म्हटलं, आहे ते लिही. त्या एजंटाचं नाव होतं मनोज. मनोज म्हणजे काय हे त्याला विचारलं, तर कान खाजवू लागला.

माझ्या नावाचा अर्थ मला विचारा. माझ्या आधीची तिन्ही भावंडं गेली. मी झालो तेव्हा दाईने मला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं, मला सापडलं म्हणाली. मग आईने पायलीभर बाजरी देऊन मला तिच्याकडून परत घेतलं. वरच्याला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याला नेऊन काय करायचं. तो फसला. त्यालाही फसवून आलेलं नाव आहे माझं. मी ते कशाला लपवू?

माझ्या मुलाच्या आधीचीही दोन गेली. म्हणून त्याचं नाव आम्ही दगडू ठेवलं. दगडाला कोण नेतं? तो वाचला, शिकला, पुण्याच्या कॉलेजात गेला. तिथे पोरं हसली, तर याने राजपत्रात छापून नाव बदललं. दगडूचा दिनेश झाला. ते पत्र मी धरणगावच्या बसस्टँडवर वाचलं आणि तिथेच बाकावर बसून राहिलो. त्याच्या आईला सांगितलं नाही. ती मरेपर्यंत दगडूच म्हणत राहिली, आणि तिच्यापुढे तो निमूट ओ देत राहिला.

सून माधुरी मात्र चांगली. पुण्याची असूनही चांगली. ती इथल्या लायब्ररीत कामाला होती. बाळाचं नाव शोधायला म्हणून तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात इंग्रजांची जुनी नावं, जुने शब्द, ते कुठून आले, त्यांचा मूळ अर्थ काय. दुपारी ती पाय वर करून सोफ्यावर बसायची आणि मला मराठीत समजावून सांगायची. मी समोर खुर्चीत. तसं मनोरंजन मला तमाशातही झालं नाही.

एडवर्ड म्हणजे काय, माहीत आहे? धनाचा राखणदार. म्हणजे आपल्या जिनिंगच्या फाटकावर काठी घेऊन बसायचा तो. त्यांच्या राजांची नावं ही. आल्फ्रेड म्हणजे रानातल्या भुताखेतांनी सल्ला दिलेला. आपल्याकडे अशा माणसाला भगताकडे नेतात, यांनी त्याला गादीवर बसवला. हॅरॉल्ड म्हणजे फौजेवर हुकूम चालवणारा, आणि आमच्या गल्लीतला एक हॅरॉल्ड बायकोला विचारल्याशिवाय खिडकी उघडत नाही. आणि लॉर्ड. ज्याच्यापुढे आपले बापजादे कमरेत वाकले तो लॉर्ड. त्याचा जुना अर्थ भाकरीचा राखणदार. लेडी म्हणजे पीठ मळणारी. मी सुनेला म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मग मला माझ्या बायकोची आठवण झाली. पहाटे परातीत पीठ मळणारी. आयुष्यभर लेडी होती बिचारी, कोणी सांगितलं नाही.

आडनावं तर विचारूच नका. कोणी लोहार, कोणी भटारी. एका मोठ्या गावाचं नाव डुकरांची टेकडी. स्टेशनवर हातभर अक्षरांत पाटी लावली आहे, आणि लाज कोणालाच नाही. का नाही? अर्थच माहीत नाही. अर्थ विसरला की नाव साहेबी होतं. आपल्याला अर्थ आठवतो, म्हणून आपण गावठी.

हसू नका, तुम्हालाही सांगतोय. तुमच्या घरी आता बंटी, स्वीटी, डॉली, टोनी बारसं करून घेताहेत. विचारा त्यांच्या बापाला अर्थ.

शेजारी एक म्हातारा आहे, स्टॅन्ली. माझ्याच वयाचा, बायको गेलेली. माझा मुलगा त्याच्याशी बोलताना दोन्ही हात पुढे बांधून उभा राहायचा. एके दुपारी माधुरीने पुस्तकात त्याचं नाव काढलं. पुस्तकात बोट ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, स्टॅन्ली म्हणजे दगडांचं रान."

मी रविवारची वाट पाहिली.

रविवारी स्टॅन्ली चहाला आला. मुलगा घरी होता. मी सुनेला म्हटलं, याला याच्या नावाचा अर्थ सांग. तिने सांगितला. म्हातारा खो खो हसला. सत्तर वर्षांत मला कोणी सांगितलं नाही, म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, आणि यांचं?

मुलगा घाईने काहीतरी इंग्रजीत बोलायला लागला. मी कप खाली ठेवला. "दगडू, गप बस. माधुरी, सांग त्याला. सूप, उकिरडा, बाजरी, सगळं सांग."

कितीतरी वर्षांनी मी त्याला त्या नावाने हाक मारली होती. माधुरी सांगत गेली. स्टॅन्ली ऐकता ऐकता गंभीर झाला. संपल्यावर उठला, माझा दंड धरला आणि मला चपलांसकट त्याच्या मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे कोपऱ्यात फळ्यांच्या कुंपणात त्याचा उकिरडा होता. पालापाचोळा, सालं, शेण. त्याने काठीने उकरून आतली वाफ मला दाखवली आणि त्या ढिगावर प्रेमाने थाप मारली, जशी आपण बैलाच्या पाठीवर मारतो. मग माझ्या छातीकडे बोट केलं आणि मान डोलावली. तिथे मला तो माणूस पटला. त्याचा उकिरडा मात्र एवढासा. आपल्याकडे त्यावर कोंबडी चढायला लाजली असती.

मुलगा मागच्या दारात उभा राहून हे बघत होता.

नातू झाला. इकडे काही आठवड्यांच्या आत कचेरीत नाव नोंदवावं लागतं. मुलाने ठरवलं होतं, नील. इथेही चालतं, तिथेही चालतं, म्हणाला. दोन्हीकडे चालणारं खोटं नाणंही असतं, मी म्हणालो. मग मैनाची अट सांगितली. मी ती विसरलो नव्हतो, मुहूर्ताची वाट पाहत होतो. तो म्हणाला, आबा, ती धरणगावात, आपण इथे, कसं जमणार. मी म्हटलं, दवाखान्यात तू मेलेली माणसं उठवतोस म्हणतात, एक फोन लावता येत नाही?

लावला. निरोप आधीच धाडला होता, म्हणून धरणगावच्या फोनच्या दुकानात मैना येऊन बसली होती, नवं लुगडं नेसून, चार बायका घेऊन. माधुरीने बाळाला मांडीवर घेतलं. मुलाने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि फोन सरकू नये म्हणून स्वतःही डोकं तिथेच टेकवलं. पलीकडून बायकांचा गलका आम्हालाही ऐकू आला. मग सगळं शांत. आत्याने कानात जे सांगायचं ते सांगितलं.

मुलगा तसाच राहिला. पलीकडे फोन बंद झाला तरी त्याचं डोकं बाळाच्या डोक्याशी तसंच. मी विचारलं, काय ठेवलं? म्हणाला, नीट ऐकू नाही आलं. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्याने नील लिहून दिलं.

मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

नवव्या दिवशी दुपारी मी जिन्यात होतो. वर तो एकटाच बाळाचं लंगोट बदलत होता. बाळ रडत होतं. तो आपल्या आईच्या आवाजात, आपल्या अहिराणीत म्हणत होता, "काय झालं रे दगड्या? उगी. आत्याले सांगू का?"

मी खाली उतरलो. खाकरलोही नाही. ऐकलं हे त्याला अजून माहीत नाही, आणि तुमच्यातल्या कोणी त्याला कळवलं तर माझ्याशी गाठ आहे.

मैना, तू काय नाव ठेवलंस ते मला पत्रात लिहू नकोस. तुझा हक्क पोचला, एवढं पुरे.

मी परत कधी येणार, असं तुम्ही विचारता. गाव सुटलं म्हणून मी रडेन, असं वाटत असेल तर वाट बघा. तुमचं गाव मला जन्मभर उख्या म्हणूनच हाक मारायचं, अर्ध्या नावाने. इथे सकाळी कुंपणापलीकडून स्टॅन्ली पूर्ण नावाने हाक मारतो. दगडांच्या रानातून उकिरड्याला हाक. र आणि ड त्याला जमत नाहीत, नाव पार चिंधड्या करून टाकतो. मी जागचा हलत नाही. नीट म्हणेपर्यंत ओ देत नाही. तिसऱ्या खेपेला जवळपास येतो. मग मी जातो, आणि आम्ही दोघं त्याचा उकिरडा उपसतो.