नोट्सच्या खोक्याखालचा कलांचो

फुलत नाही म्हणून तुम्ही आजवर किती झाडं उकिरड्यावर फेकलीत? आणि फेकण्याआधी, त्या झाडाला पुरेसा अंधार मिळत होता का, एवढं तरी कधी पाहिलंत?

मी पाहिलं नव्हतं. मी नांदेडची. वडील शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटली की पत्रकं वाटणारे. अंधश्रद्धा, हुंडा, शिक्षणाचा बाजार, प्रत्येकाचा एकेक गठ्ठा आमच्या कपाटावर असायचा. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांच्या मथळ्यांवर. त्याच वडिलांनी बारावीनंतर मला मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला कोचिंग लावलं, तेव्हा बाजाराविरुद्ध पत्रकं वाटता आणि लेकीला बाजारात धाडता, असं त्यांना सुनावून मी एसटीत बसले.

कोचिंगच्या गल्लीत एका काकूंकडे खोली मिळाली. काकू किल्लारीकडच्या. भूकंपात घर पडलं, मग काकांबरोबर लातूरला आल्या. गल्लीत क्लासेस वाढले तशा त्यांनी माडीवर पत्र्याच्या चार खोल्या काढून मुलींना भाड्याने दिल्या. डोक्यावर पत्राच हवा, दगड-माती नको, हा त्यांचा एक हट्ट. दुसरा हट्ट दिव्याचा. खालच्या पडवीतली ट्यूब दिवेलागणीला लावली की उजाडेपर्यंत बंद करायची नाही. लाइट गेली तर काकू उठून कंदील लावत.

त्या ट्यूबखालीच त्यांच्या कुंड्या होत्या. कोरफड, पानफुटी, आणि मधोमध जाड, चकचकीत पानांचा कलांचो. नर्सरीतून आणला तेव्हा तो लाल फुलांनी भरलेला होता म्हणे. त्यानंतर चार हिवाळे गेले, पानं वाढली, कळी आली नाही. मी त्यांना सांगून त्याची काळी माती काढली, भरड वाळू आणि विटांचा चुरा घातला, पाणी कमी केलं. झाड तरारलं. फूल मात्र नाहीच.

मला वाटलं होतं, फुलांची हौस असेल. तसं नव्हतं. त्या पावसाळ्यात उदगीरला दिलेल्या त्यांच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मुलगी फोनवर तारखा विचारायची आणि काकू टाळायच्या. उदगीरचे डॉक्टर चांगले हायत, इथं पोरींची वर्दळ हाय, पाणी चार दिवसाआड येतंय. एकदा फोनचा स्पीकर चालू होता आणि मी समोरच बसले होते. मुलगी म्हणाली, "माय, भाडेकरू पोरींला जागा हाय तुझ्याकडं. मलाच न्हाई." काकूंनी फोन ठेवला आणि शेंगा निवडायला घेतल्या. निवडता निवडताच त्यांनी मला सांगितलं.

"पहिलं बाळ होतं. दीड महिन्याचं. झोपत न्हवतं म्हून कंदील म्याच मालवला. मग समदं हललं. अंधारात हाताला काईच लागलं न्हाई."

नंतर ही मुलगी झाली, तर तिला काकूंनी स्वतः अंघोळसुद्धा घातली नाही, जावेकडून घालून घेतली. आता जाऊही उरली नव्हती. आपल्या हाताला यश नाही, नातवाला हा हात लागू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मी काय करावं? मी नांदेडहून पत्रक मागवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून वाचलं. कार्यकारणभाव, भ्रम, शोषण. आवाजही चढवला. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि कलांचोकडे बोट दाखवलं. "छापलंय ते खरंच असंल पोरी. पण दुसऱ्याच्या हातात भरून फुललेलं झाड माझ्या हातात मुकं का झालं, ते न्हाई लिहिलं यात."

खरंच नव्हतं लिहिलेलं. मी चिडले, पण उत्तर शोधायला बसले. जीवशास्त्राच्या पुस्तकात ते होतं, परीक्षेपुरतं पाठही केलेलं. काही झाडांना कळी धरायला लांबलचक, सलग अंधार लागतो. कलांचो त्यातला. आणि आमच्या घरात अंधार होता कुठे? पडवीत काकूंची ट्यूब, माडीवर अभ्यासाच्या ट्यूबा, गच्चीत रस्त्याच्या खांबाचा दिवा. गल्लीत अख्खी रात्र उजेडच.

ट्यूब बंद करा असं काकूंना सांगायची माझी छाती झाली नाही. मी कोचिंगच्या नोट्सचं रिकामं खोकं घेतलं, फटींना काळा कागद चिकटवला. संध्याकाळी सहाला झाडावर उपडं घालायचं, सकाळी आठला काढून उन्हात ठेवायचं. सहा आठवडे. काकू लांबून बघत होत्या. सहाचे सात आठवडे झाले, दिवाळी झाली. कळी नाही. काकू मुलीला फोनवर स्पष्टच सांगून मोकळ्या झाल्या की येऊ नको.

मी खोकं बगलेत मारून नर्सरी गाठली. तिथले म्हातारे चाचा अहवाल ऐकावा तसं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, मधे उघडून बघत होतीस का? बघत होते ना. अभ्यासातून उठले की रोज, मोबाइलची बॅटरी लावून, पानाचं बेचकं न् बेचकं तपासत. आमच्या गल्लीत दर रविवारी चाचणी आणि सोमवारी भिंतीवर मार्क लागायचे. निकाल न बघता आठवडा काढायचा असतो, हे आम्ही विसरलोच होतो. "बेटा," चाचा म्हणाले, "रात मोडली तर झाड मोजदाद पहिल्यापासून करतंय. तू त्याला रोज नापास करून राहिलीस."

परत येऊन मी काकूंना सगळं सांगितलं. चूक माझी, हात माझा. आणि आता मला माझा भरवसा नाही, खोकं तुम्हीच घाला. आपल्या हाताने अंधार करायचा, हे मी कुणाकडे मागतेय ते मला मागून कळलं, तोवर त्यांनी खोकं उचललं होतं. पहिल्या दिवशी घालून त्या तिथेच खुर्ची टाकून बसल्या. आठवडाभर बसल्या. मग नुसतं घालून स्वयंपाकाला जाऊ लागल्या. एकदाही उघडून पाहिलं नाही. ट्यूब अर्थात चालूच होती.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी क्लासला निघाले तर काकू उन्हात कुंडीपाशी उकिडव्या बसलेल्या. शेंड्यावर मोहरीएवढ्या हिरव्या कळ्यांचा झुबका होता. एक नाही, पाच शेंड्यांवर. मी मट्‌कन पायरीवर बसले.

मला एकच भीती होती, की आता त्या म्हणतील, हाताला यश आलं. म्हणजे पुन्हा तेच, फक्त उलटं. पण काकू कळ्यांवरून बोट न लावता हात फिरवत म्हणाल्या, "म्हंजे उजेड नडला याला. मी न्हाई नडले." मग मलाच फोन लावायला सांगितला. पलीकडे मुलीने रागाने नुसतं हूं केलं. काकू म्हणाल्या, "ये तू. अंघोळ मी घालते लेकराला."

मला मेडिकल लागलं नाही. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मे महिन्यात परीक्षा देऊन मी पुस्तकं बांधत होते तेव्हा खाली पडवीत काकू पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर नात, तेलाने चमकणारी, आणि ती पडवी डोक्यावर घेऊन रडत होती.

म्हणून एक मागणं आहे. दसऱ्यानंतर कलांचोची एक कुंडी आणा, आणि स्वतःला अपयशी म्हणवणारं जे कुणी तुमच्या ओळखीचं असेल त्याच्या दारात नेऊन ठेवा. सोबत एक खोकं द्या. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, एवढंच सांगा. भाषण करू नका. आणि सहा आठवडे तिकडे जाऊन कळ्या आल्या का, असं विचारूही नका.