पाच पक्षांचे मामा

आमच्या मामांइतक्या प्रामाणिकपणे पक्ष बदलणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही. पक्षांतर ही मतदाराची उघड फसवणूक आहे, असं मी आमच्या पक्षाच्या पत्रकांत ठळक अक्षरांत लिहीत आले आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण बाकीचे पुढारी गुपचूप पळतात. मामा दिवसाढवळ्या, रीतसर निरोप घेऊन जातात. जुन्या तालुकाध्यक्षाकडे पेढे न्यायचे, कार्यालयाची किल्ली परत करायची, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडायचं आणि सासरी निघालेल्या पोरीसारखं डोळे पुसत बाहेर यायचं. एकदा तर तालुकाध्यक्षालाच इतकं भरून आलं, की तो मामांना नव्या पक्षाच्या मेळाव्याला स्वतःच्या गाडीवर सोडून आला.

भाषणात मामा नुसतं ‘आपला पक्ष’ म्हणतात. नाव घ्यायला गेलं की आधीचंच तोंडात येतं. भाषण मात्र पाठ, कारण पाचही पक्षांत ते एकच राहिलं: नाल्यावरचा पूल. जऊळक्याजवळच्या आमच्या गावात शाळा नाल्यापलीकडे आहे. पाणी चढलं की पोरं घरी. जो पूल देतो म्हणाला, त्याच्याकडे मामा गेले. दिला कुणीच नाही.

मागच्या पंचायत समितीला मामा उभे राहिले आणि त्यांच्याविरुद्धचं पत्रक लिहायचं काम आमच्या पक्षानं माझ्यावरच टाकलं. मथळा मी झोकात दिला: ‘चार पक्ष फिरलेल्यावर विश्वास ठेवाल?’ शेवटी लिहिलं, पूल आम्हीच बांधू. पक्षांचा क्रम काही जुळेना, म्हणून कच्चा कागद घेऊन सरळ मामांच्याच ओसरीवर गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

“माय, यात एक पक्ष राह्यला,” ते म्हणाले. “तिथं मी अकराच दिवस होतो, पन होतो. चार लिहिशीन त लोक म्हनतीन, पोरीले मामाचीच माहिती नाही.”

“द्या, द्या लिहून तिले,” मामी आतून म्हणाली. “आपल्याच हातानं पडा.”

राहिलेलं नाव मामांनी स्वतःच्या अक्षरात घातलं. पत्रक गाजलं. मामा पडले, आमचा उमेदवार आला.

त्याला वर्ष झालं. पुलाचं विचारलं की आमचे निवडून आलेले साहेब म्हणतात, प्रस्ताव वर गेलाय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, तुम्ही पत्रकांचं बघा.

परवा मामा घरी आले. चहा होईपर्यंत पीकपाण्याचं बोलले, मग हळूच म्हणाले, “तुया पक्षात मले घेतीन का? पद नको. पुलाचं तेवढं विचारत जाईन.”

पक्षबदलूंना दार बंद, ही घोषणा माझीच. पण त्या क्षणी ती मला आठवलीसुद्धा नाही.

“मामा, आमच्या पक्षातबी पूल नाही,” मी म्हटलं.

मामांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, “मंग आता कोनता राह्यला?”

ते मस्करी करत नव्हते. जिल्ह्यातले सगळे पक्ष मला तोंडपाठ आहेत. एकेक नाव मनात घेतलं आणि एकेक खोडत गेले.