सायलीला धरायचं कुणी

मी शिकवते त्या शाळेची मधली सुट्टी संपत आली होती, तेव्हा वडप्याच्या गोदामातून फोन आला. तिथं माल उतरवून घेताना माझा धाकटा भाऊ भालचंद्र खुर्चीतच कलंडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता महिना झाला.

शेलार गावातल्या आमच्या घरात सगळ्यांत हळवा तोच. कोंबडी कापायची म्हटलं की अंगणातून उठून जायचा. आणि त्याच्याच वाट्याला हे आलं. सायली, त्याची एकुलती मुलगी, पाच वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग निघाला. मुंबईच्या इस्पितळात तिच्या मणक्यात सुई घालून औषध सोडायचे. पोर हललं तर सुई चुकते, म्हणून कुणाला तरी तिला वाकवून गच्च धरावं लागे. तिची आई मनीषा पहिल्याच वेळी लटपटली. भालू तिला म्हणाला, "तू बाहेर थांब, मी धरतो. सुई निघाली की पोरीनं जायचं कोनाकडं?"

अडीच वर्षं त्यानं धरलं. एकदा मी आत होते. "बाबा, सोड! सोड ना!" ती किंचाळत होती आणि तो "झालंच, माझी बाय, झालंच" म्हणत मिठी आवळत होता. मग मनीषा आत यायची. सायली तिच्या गळ्यात पडायची. पोरीला शांत करायला मनीषा म्हणायची, "वाईट आहेत हं बाबा. मारू आपण त्यांना." भालू मान डोलवायचा. "हो, वाईटच हाय मी."

सायली बरी झाली. बापाला मात्र तिनं जवळ येऊ दिलं नाही. त्यानं केसांवरून हात फिरवला तर सोळाव्या वर्षीही तिची मान ताठ व्हायची. मी एकदा म्हटलं, "अरे, सांग की तिला खरं काय ते."

"काय सांगू? आईला जमलं न्हाय म्हनून? राहू दे, ताई. एक मानूस तरी तिचं राहू दे."

त्याला अंगणात ठेवलं तेव्हा बायका म्हणाल्या, बाबांच्या पाया पड. ती वाकली, पण पायांना हात लावला नाही. दहावं झालं आणि मनीषानं तिला सगळं सांगितलं. सायलीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "बाबा होते तोवर का नाही सांगितलंस?" मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मलाही तर सगळं माहीत होतं.

मग आम्ही भिंतीवर लावायला त्याचा फोटो शोधत बसलो. वाढदिवस, बक्षीस समारंभ, खारबावचं लग्न... प्रत्येक फोटोत तो सायलीपासून हातभर लांब, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा. तिला ते दिसू नयेत असे. त्यातला एक तिनंच निवडला. बाहेरच्या खोलीत तो लावलाय. भेटायला येणारी माणसं त्याच्यापुढे थांबतात आणि म्हणतात, "काय रुबाबात उभा हाय भालू!"