मल्लूदादा आणि अणदूरचा भंडाऱ्या

माझ्या भावानं स्वतःच्या लेकरांना कुत्रं पाळू दिलं नाही. मांजर नाही, पोपटसुद्धा नाही.

आज सकाळी मल्लूदादाला माती दिली.

परत येताना त्याची लेक विजू म्हणाली, "बाबा चांगले होते गं आत्या, पण प्राण्यांच्या बाबतीत दगड."

तिला सांगायचं ते आता लिहिते.

विजू, निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. अणदूरला आमच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. दादाला कुत्र्याचं वेड. रोज अप्पांच्या मागं लागायचा.

"अप्पा, खंडोबाचं जनावर हाय, पाळू द्या की."

"खंडोबाचं हाय तर खंडोबा पोसंल."

शेवटी आमची आई, अव्वा, मध्ये पडली. अप्पा म्हणाले, "आपल्या ताटातली भाकरी घालायची. वेगळी मिळणार न्हाय."

दादानं देवळामागनं पिल्लू आणलं. पिवळं धमक. नाव ठेवलं भंडाऱ्या.

दादा अर्धी भाकरी स्वतः खायचा, अर्धी त्याला. अव्वा अप्पांची नजर चुकवून माझ्या ताटात जास्तीची टाकायची. ती कुणासाठी, ते मला कळायचं.

मग रझाकारांचे दिवस आले. शेजारपाजारची घरं सोलापूरकडं निघाली. अप्पांनीही बैलगाडी जुंपली.

दादानं भंडाऱ्याला उचलून गाडीत ठेवलं. अप्पांनी खाली उतरवलं.

"नाक्यावर भुंकलं तर? समद्यांना धरून नेतील. आन् सोलापुरात पाव्हण्यांची एक खोली."

"मग मोकळं सोडा त्याला."

"मोकळं सोडलं की गाडीमागं येतंय. इथंच ऱ्हाऊ दे. दुकानाला राखण नको? आठ-पंधरा दिसात येतोच की आपण."

दावं चावून तोडेल म्हणून अप्पांनी लोखंडी साखळी आणली. दुकानाच्या खांबाला बांधलं, कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

दादा अप्पांच्या पायावर पडला.
खरंच पडला. मी बघितलंय.

अप्पांनी त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

आठ-पंधरा दिवसांचे महिने झाले. फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, मग आम्ही परतलो.

खांबाला साखळी तशीच होती. कुलूपही तसंच.

शेजारचे हुसेनचाचा पिंजारीही नुकतेच परतले होते, ते दादाला जवळ घेऊन रडले. "मैं था तब तक टुकडा डालताच था, बेटा. कुलूप तोडने गया तो काटने को आता था. फिर फौज आई, हमकोच जान लेके भागना पडा."

त्यानंतर गल्लीत कुणी उरलंच नव्हतं.

अप्पा आधी दुकानात शिरले. गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, सगळं जागच्या जागी. बाहेर येऊन म्हणाले,

"राखण चांगली केली म्हणायची."

दादानं साखळीच्या टोकाला जे उरलं होतं ते धोतराच्या फडक्यात गोळा केलं आणि ओढ्याकाठी पुरलं. हुसेनचाचांनी खड्डा खणून दिला.

त्या दिवसापासून दादानं अप्पांना 'अप्पा' म्हणून हाक मारली नाही. त्यांच्या म्हातारपणी शेवटपर्यंत हातानं जेवू घातलं, अंघोळ घातली. पण हाक नाही. अप्पांनी कधी विचारलंही नाही, का म्हणून.

विजू, तू दप्तरातनं पिल्लू आणलं होतंस, आठवतं? दादानं तुला परत सोडायला लावलं आणि तू जेवली नाहीस. मी दादाशी भांडले. तो एवढंच म्हणाला,

"घर सोडायची वेळ आली की माणूस काय करतो, ते मी बघितलंय. मी पण त्यांचाच मुलगा हाय."

हे त्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दगड म्हणवून घेतलं.

मला अप्पांचा राग आहे. एवढी वर्षं झाली, जात नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार.

आणि दादा, थोडा राग तुझाही आहे. अप्पांची शिक्षा तू स्वतःच्या लेकरांना दिलीस.

तुझ्या धाकट्या बहिणीचा शेवटचा नमस्कार.
नीट जा.