पुठ्ठ्याचा रुमाल

कोटाच्या खिशात पुठ्ठ्याला शिवलेला रुमाल घालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नाही. हा माणूस माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, म्हणून तर अजिबातच नाही.

बाबा सव्वीस वर्षं प्रवासी जहाजांवर स्टुअर्ड होते. जेवणाच्या टेबलावरचे रुमाल घड्या घालून उभे करायचे, पार्टी असली की साहेबांच्या कोटाच्या खिशात रुमाल खोवून द्यायचे. आमची शिक्षणं, रत्नागिरीतलं घर, सगळं त्यावरच झालं, आणि बाबा ते कुणालाही खुशाल सांगत. भावाच्या रिसेप्शनसाठी त्यांनी पंधरा दिवस आधीच पांढऱ्या सुती कापडाचा चौकोन आणला आणि कडा हाताने दुमडून शिवल्या. रेशीम घसरतं, ते चिमटीत धरून नुसतं फुगवून ठेवायचं. टोकं हवीत तर सुतीच हवं, तेही हलकी खळ दिलेलं. हे मला सांगताना ते खुशीत होते. टायच्याच कापडाचा रुमाल म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ अडाणीपणा.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या हॉलवर नवरदेवाच्या खोलीत पुण्याचे व्याही बसले होते. बाबांनी रुमाल मांडीवर घेतला, तिरका दुमडला, कोपरे एकेक करून सरकवले, नखाने घडी दाबली. तीन टोकं उभी राहिली. मिनिटही लागलं नाही.

"वा! ऑफिसर लोकांना हेसुद्धा शिकवतात वाटतं?" व्याही म्हणाले.

मी भावाकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला वाकला होता, आणि ती मघाशीच बांधून झाली होती. सासुरवाडीला त्याने काय सांगून ठेवलंय ते मला तेव्हा कळलं. मग तो उठला आणि म्हणाला, "बाबा, राहू द्या. दुकानवाल्याने दिलाय तो बरा आहे." टायच्याच मरून कापडाचा तो पुठ्ठा त्याने खिशात कोंबला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ऑफिसर कसले, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझं मनगट धरलं. "गप ऱ्हा गो बाय." मग व्याह्यांकडे वळून शुद्ध भाषेत म्हणाले, "हो. आम्हा ऑफिसरांना सगळंच शिकावं लागतं."

भाऊ पुढे स्टेजवर हसत उभा राहिला. मी जेवले नाही. एवढं मनावर काय घ्यायचं, असं तो नंतर फोनवर म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

पण खरा राग त्या खोलीतला नाही. परत येताना रिक्षात बाबांनी हळूच मला विचारलं, "माझा बोलणा नीट झाला ना गो? त्यांना काय संशय नाय ना आला?"