बिनपगारी कामाचा दाखला

गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या वकिलाकडे सुट्टीत काम केले, तर उन्हाळ्याचा खर्च आमचे लॉ कॉलेज देणार होते. अट एकच होती. पगार देत नाही, असे वकिलाने लिहून द्यायचे. ही मदत मिळाली नसती, तर मला सुट्टीभर कापडदुकानात उभे राहावे लागले असते.

जामखेडचे एक वकीलसाहेब ऊसतोड मजुरांची बुडालेली मजुरी वसूल करून देत. मला काम द्यायला ते लगेच तयार झाले. दाखल्याचे ऐकल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरीला बिनपगारी राबवतो, असं सहीनिशी लिहू? अगं, असल्या कागदावर मी मुकादमांना कोर्टात खेचतो."

"पण साहेब, तुम्ही पगार दिलात तर मला मदतच मिळणार न्हाई."

"मग तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

शेवटी त्यांनी लिहिले, 'पगार देत नाही. दुपारी घरची भाकरी देतो.' भाकरीचे लपवणे त्यांना खोटेपणाचे वाटले.

आठवड्याने कॉलेजच्या समितीने विचारले, भाकरी हा मोबदला धरायचा का? असल्यास तिची किंमत कळवावी.

साहेबांनी शिक्का मारून उत्तर धाडले, 'आमच्या घरी भाकरी विकत नाहीत. सबब किंमत सांगता येत नाही.'

अर्ज मंजूर झाला. पहिल्या दुपारी साहेबांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

"जेव पोरी. समितीची हरकत न्हाई."